टॉड रंडग्रेन: निर्मिती हा जोडधंदा नव्हे

अमेरिकन रॉक संगीतकार टॉड रंडग्रेन हे मुळात गायक आणि अल्बमची निर्मिती हा त्यांचा जोडधंदा, असे एक मत आहे; ते मला पटत नाही. आपल्याकडे निर्माता म्हटले की पैसे घालणारा डोळ्यांसमोर येतो. रॉकमध्ये मात्र कोणते वाद्य पुढे आणायचे आणि कोणते मागे ठेवायचे, हे बहुधा तोच ठरवतो. १९७२ च्या ‘समथिंग/एनिथिंग?’ या दुहेरी, म्हणजे दोन तबकड्यांच्या अल्बमच्या चारपैकी तीन बाजूंवर गायन आणि सगळी वाद्ये एकट्या रंडग्रेन यांचीच आहेत. नाशिकच्या गंगापूर रोडवरील माझ्या खोलीत रात्री हेडफोन लावून ऐकताना एकाच गळ्याचे थर एकमेकांवर चढत जातात, तेव्हा अंगावर काटा येतो. पुढे गायक मीट लोफ यांच्या १९७७ मध्ये आलेल्या ‘बॅट आउट ऑफ हेल’ या अल्बमची निर्मिती त्यांनी केली, आणि त्यातल्या शीर्षकगीतात मोटारसायकलची जी घरघर ऐकू येते, ती इंजिनाची नसून रंडग्रेन यांच्या गिटारची आहे.