जुन्या ध्रुवीय प्रकाशाच्या (ऑरोरा) नोंदी मोजून सूर्याची सक्रियता काढता येते का?

नभांगण: १६०० ते १८०० मधल्या युरोपातल्या रोजनिश्यांतून ध्रुवीय प्रकाशाच्या नोंदी गोळा करतोय. वर्षाला किती रात्री, असा आलेख काढला तर १७१६ नंतर एकदम उसळी दिसते. ती सूर्याची मानायची का?

सौरडाग: काही अंशी. १६४५ ते १७१५ या माउंडर किमानात सूर्यावर डागच फार थोडे होते, म्हणजे तो शांत होता. पण मार्च १७१६ च्या प्रकाशावर इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने सविस्तर लिहिलं आणि लोक मुद्दाम आकाश बघू लागले. बघणारे वाढले की नोंदी वाढणारच. म्हणून सरसकट बेरीज नको. उत्तर स्कँडिनेव्हिया वेगळा काढा, तिथे सूर्य शांत असतानाही प्रकाश दिसतो. ५५ अंश चुंबकीय अक्षांशाच्या (पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाच्या हिशेबाने मोजलेला अक्षांश) दक्षिणेकडच्या रात्री स्वतंत्र मोजा, खरी माहिती त्यांत आहे. आणि उत्तरेकडे उन्हाळ्यात रात्र धड काळोखी होत नाही. तो खड्डा सूर्याच्या नावावर घालू नका.

तिथीमिती: त्याआधी तारखा. हॅलीचीच रात्र इंग्लंडच्या कागदांत ६ मार्च १७१५ अशी सापडेल, बाकी बहुतेक युरोपात १७ मार्च १७१६. इंग्लंडात ज्युलियन पंचांग ११ दिवस मागे होतं आणि नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. एकच रात्र दोन वर्षांत मोजली जाते ती अशी. सगळं ग्रेगोरियनमध्ये आणा (१५८२ पासून १० दिवस, फेब्रुवारी १७०० नंतर ११) आणि मध्यरात्रीच्या घोळासाठी एक दिवस मागेपुढे धरा.

मग प्रत्येक तारखेला चंद्र कुठे होता ते काढा. चांदण्यात फिकट प्रकाश बुडतो, त्यामुळे पौर्णिमेच्या आसपास नोंदी विरळ हव्यात. तिथेच गर्दी दिसली तर यादीत चंद्राभोवतीची खळी (प्रकाशाची कडी) शिरली आहेत. "पांढरा चाप" हे वर्णन तर हमखास संशयाचं.

नभांगण: बऱ्याच ठिकाणी नुसतं "उत्तरेला तांबडं आकाश" आहे. त्याचं काय?

सौरडाग: सूर्यास्तानंतर लगेचचं असेल तर सरळ वगळा. उरलेल्यांत उन्नतांश (क्षितिजापासून किती अंश वर) दिलाय का पाहा, सगळा खेळ त्यावर आहे. प्रकाश तुमच्यापासून किती अंश अक्षांश दूर होता ते असं काढा: ६३७१ (पृथ्वीची त्रिज्या, कि.मी.) ला उन्नतांशाच्या कोसाइनने गुणा, ६३७१ अधिक प्रकाशाची उंची (कि.मी.) याने भागा, व्यस्त कोसाइन घ्या आणि त्यातून उन्नतांश वजा करा. ४०० कि.मी. उंचीचा तांबडा प्रकाश क्षितिजाला टेकलेला दिसला तर तो जवळपास २० अंश दूर असू शकतो. तोच ३० अंश वर दिसला तर फक्त ५.४ अंश. उन्नतांश नसलेली नोंद "चुंबकीय वादळ झालं" एवढंच सांगते, किती मोठं ते नाही.

तिथीमिती: चुंबकीय अक्षांश मात्र आजच्या ध्रुवावरून काढू नका. १२०४ मध्ये क्योतोत दिसलेला तांबडा प्रकाश आजच्या हिशेबाने फारच दक्षिणेकडचा वाटतो, पण तेव्हा चुंबकीय अक्ष युरेशियाकडे कललेला होता. तुमच्या काळाला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं जीयूएफएम-१ प्रतिमान चालेल, ते १५९० पासून आहे. त्यातला द्विध्रुवाचा (पृथ्वीला साधा पट्टीचुंबक मानून येणारा) ध्रुव घ्या. होकायंत्राची सुई जिथे सरळ खाली वळते तो वेगळा.