शत्रू समोर नसताना: शौर्य, पराक्रम की साहस?

फोंड्यातल्या आमच्या शाळेत २६ जानेवारीचं सूत्रसंचालन माझ्याकडे आहे. कॅप्टन अंशुमन सिंग यांच्यावर दोन वाक्यं बोलायची आहेत. जुलै २०२३, सियाचिन, पहाटेची आग. हे लष्करातले डॉक्टर. अडकलेल्यांना त्यांनी बाहेर काढलं, मग औषधांच्या खोलीकडे आग पसरली म्हणून पुन्हा आत गेले, ते आलेच नाहीत. मरणोत्तर कीर्ती चक्र. मी 'रणांगणावरील पराक्रम' लिहिलं होतं. मुख्याध्यापकांनी 'रणांगण'खाली पेन्सिलीने रेघ मारून कागद परत दिला. काय लिहू?

— बाई, रेघ बरोबर आहे. 'पराक्रम'ही काढा. त्यात 'क्रम्', म्हणजे पाऊल टाकणं, चाल करून जाणं आहे. ऐकणारा लगेच समोर शत्रू शोधतो. आणि 'साहस' तर नकोच. धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजबरीचा गुन्हा, आणि आजही आपण 'नसतं साहस करू नको' असंच म्हणतो.

— पदकांची नावं बघा ना. परमवीर, महावीर, वीर ही युद्धातली. अशोक, कीर्ती, शौर्य ही शांतताकाळातली. १९५२ मध्ये ही तिन्ही अशोक चक्राचेच वर्ग होती, आजची नावं १९६७ची. शांततेच्या बाजूला 'वीर' एकदाही नाही, 'शौर्य' आहे. शौर्य हा शूराचा गुण, त्याला शत्रू लागत नाही. (नौदलाच्या अभिलाष टॉमींनाही कीर्ती चक्रच मिळालं, आपल्या गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली म्हणून. तिथे समोर होत्या त्या लाटाच.)

'शौर्य' पटलं. पण ज्यांना वाचवलं ते कोण? 'सहकारी' म्हटलं की कचेरी आठवते.

— 'साथीदार' मात्र लिहू नका हं! पेपरात साथीदार फक्त चोरांना असतात. 'जोडीदार' लग्नाचा, 'कॉम्रेड' लाल बावट्याचा. जवान आपसात 'बडी' म्हणतात, पण ते व्यासपीठावर कसं वाटेल कोण जाणे. 'सोबती' घ्या. सोबत आपण रात्रीच्या वाटेलाच मागतो.

मग असं लिहिते: 'आगीत अडकलेल्या सोबत्यांना बाहेर काढताना दाखवलेल्या शौर्याबद्दल.' उद्या कागद पुन्हा त्यांच्या टेबलावर ठेवते. पेन्सिल तिथेच असते.