‘ड्यूईंकडून ट्रुमन पराभूत’: १९४८ चा तो मथळा छापून गेलाच कसा?

रद्दीतलं_सोनं

वाचनालयाच्या भिंतीवर १९४५ ते १९५५ या काळातल्या सपशेल चुकलेल्या मथळ्यांचा फलक लावायचा आहे. मधोमध अर्थातच अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन: ‘शिकागो डेली ट्रिब्यून’चा अंक दोन्ही हातांनी उंच धरलाय, अंकात ते अध्यक्षपदाच्या निवडणुकीत थॉमस ड्यूईंकडून हरलेत, प्रत्यक्षात जिंकलेत, आणि हसू गालात मावत नाहीये. फोटोखाली आठ-दहा ओळींची टीप द्यायची आहे. जिथे पाहावं तिथे ‘संपादकांनी घाई केली’ एवढंच लिहिलेलं असतं. एवढ्या मोठ्या दैनिकात पहिल्या पानाचा मथळा नुसत्या घाईने चुकतो? दुसरं, जनमत चाचण्या फोनवरून घेतल्या आणि फोन फक्त श्रीमंतांकडे होते म्हणून अंदाज फसला, हे बरोबर आहे का? त्याच काळातला आणखी एखादा मथळा सुचवलात तर उत्तम.

खिळेजुळारी

घाई झालीच, पण ती छापखान्यातून आली होती, आणि टिपेत नेमकं तेच यायला हवं.

शिकागोच्या वृत्तपत्रांतले जुळारी (छपाईसाठी अक्षरं जुळवणारे कामगार) नोव्हेंबर १९४७ पासून संपावर होते. कारण कामगार संघटनांवर निर्बंध घालणारा टाफ्ट-हार्टली कायदा. ट्रुमननी या कायद्यावर नकाराधिकार वापरला होता आणि काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) तो झुगारून कायदा केला होता. म्हणजे ज्या संपामुळे ट्रुमन छापील हरले, तो संप त्यांनीच अडवू पाहिलेल्या कायद्याविरुद्धचा! हे वाक्य काहीही करून टिपेत बसवा.

आता यंत्राकडे. लायनोटाइप या जुळणीच्या यंत्रावर प्रत्येक ओळ शिशात वेगळी ओतली जाते. बातमी बदलली की तेवढ्याच ओळी काढायच्या, नव्या ओतून बसवायच्या आणि पान पुन्हा सोडायचं. संपात ही यंत्रं चालवायला माणसंच नव्हती. म्हणून ‘ट्रिब्यून’ मजकूर टंकलेखन यंत्रावर टाइप करायचा, त्याचा फोटो काढायचा आणि त्यावरून छपाईचा ठसा कोरायचा. एक ओळ बदलायची तरी टाइप, फोटो, ठसा हे चक्र पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे पान नेहमीपेक्षा काही तास आधी बंद करावं लागे. २ नोव्हेंबरच्या, म्हणजे मतदानाच्या रात्री पहिल्या आवृत्तीची वेळ झाली तेव्हा पूर्वेकडच्या राज्यांचेही आकडे धड आले नव्हते.

व्यवस्थापकीय संपादक जे. लॉय मलोनी यांच्यापुढे दोनच वाटा होत्या: मोघम मथळा द्यायचा, नाहीतर अंदाजावर भरवसा ठेवायचा. त्यांनी भरवसा ठेवला तो वॉशिंग्टनचे वार्ताहर आर्थर सीअर्स हेनिंग यांच्यावर. आधीच्या वीस वर्षांतल्या पाच अध्यक्षीय निवडणुकांपैकी चारांत हेनिंग यांचा अंदाज खरा ठरला होता. अशा माणसाचा शब्द कोणता संपादक सहज मोडेल?

त्या आवृत्तीच्या सुमारे दीड लाख प्रती छापल्या गेल्या. बातमीतल्या पाच ओळी तर चक्क उलट्या, डोकं खाली पाय वर, छापल्या गेल्या. उपमथळाही सोडू नका, कारण चूक एकच नव्हती. इलिनॉय (शिकागो जिथे आहे ते) राज्यात ड्यूईंच्या रिपब्लिकन पक्षाची सरशी दिसते आहे, असं तिथे म्हटलं होतं. प्रत्यक्षात गव्हर्नरपदी अॅडले स्टीव्हन्सन आणि सिनेटवर पॉल डग्लस, दोघेही ट्रुमन यांच्याच डेमोक्रॅट पक्षाचे, निवडून आले. नंतरच्या आवृत्तीत राज्यातली पदं डेमोक्रॅटांनी जिंकल्याचा मथळा टाकावा लागला. एका रात्रीत एकाच पानाने घेतलेली ही कोलांटउडी फोटोइतकीच मजेदार आहे.

मतपेटी

फोनचं म्हणता ते १९४८ चं नाही, ते १९३६ चं. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने फोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदींवरून सुमारे एक कोटी पत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि अध्यक्ष रूझवेल्टविरुद्ध रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार म्हणून छापलं. रूझवेल्टनी त्यांना ४८ पैकी ४६ राज्यांत हरवलं. या दोन गोष्टींची खिचडी सगळीकडे झालेली दिसते, तुमच्या फलकावर तरी ती नको.

१९४८ मध्ये गॅलप, रोपर आणि क्रॉसली या तिन्ही चाचणीकारांचे पाहणी करणारे लोकांना समोरासमोर भेटत होते. चुका दोन ठिकाणी झाल्या. पहिली कोट्याची: इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, इतके या वयाचे, इतके त्या आर्थिक गटाचे, एवढंच ठरवून दिलेलं. त्या चौकटीत कुणाला गाठायचं हे पाहणी करणाऱ्यावर सोडलेलं. मग जो सहज भेटतो, नीट बोलतो, त्यालाच विचारलं जातं आणि नमुना नकळत एका बाजूला कलतो. दुसरी चूक वेळेची. रोपरनी सप्टेंबरातच चाचण्या थांबवल्या, बाकीच्यांनीही शेवटच्या आठवड्यांतलं मत टिपलं नाही. आणि कल बदलला तो नेमका तेव्हाच.

आकडे असे: गॅलपचा शेवटचा अंदाज ड्यूई ४९.५ टक्के, ट्रुमन ४४.५. निकाल जवळजवळ बरोबर उलटा: ट्रुमन ४९.६, ड्यूई ४५.१. प्रतिनिधी मतं (राज्यवार मिळणारी, अध्यक्ष ठरवणारी मतं) ३०३ विरुद्ध १८९, आणि तिसरे उमेदवार थर्मंड यांना ३९.

पण फलक वाचणाऱ्याला ‘किती हे मूर्ख’ असं वाटू देऊ नका. ट्रुमननी ओहायो सुमारे ७,००० मतांनी, कॅलिफोर्निया १८,००० च्या आत आणि इलिनॉय ३४,००० च्या आत जिंकलं. ही तिन्ही राज्यं (२५, २५ आणि २८ प्रतिनिधी मतं) फिरली असती, तर ड्यूई २६७ वर गेले असते. बहुमताला २६६ लागत होती. मथळा खरा ठरायला एवढंच अंतर उरलं होतं. ड्यूईंनी पराभव मान्य केला तोही ३ तारखेला सकाळी अकरानंतर.

रद्दीतलं_सोनं

दोघांनाही मनापासून धन्यवाद. अजून दोन शंका. मराठीत मथळा देताना ‘ड्यूई ट्रुमनना हरवतात’ असं लिहू का? आणि फोटो निकालाच्याच दिवसाचा आहे ना?

खिळेजुळारी

‘हरवतात’ नको. इंग्रजी मथळ्यात घडून गेलेली गोष्टही वर्तमानकाळात सांगतात. मराठीत ‘हरवतात’ म्हटलं की नेहमीचीच सवय वाटते. ‘ड्यूईंकडून ट्रुमन पराभूत’ असं द्या, आठ कॉलमी मथळ्याचा ठसकाही येतो.

फोटो मतदानानंतर दोन दिवसांनी काढलेला आहे. अंकावरची तारीख मात्र ३ नोव्हेंबर, बुधवार. ट्रुमन मिझुरीतल्या घरून रेल्वेने वॉशिंग्टनला निघाले होते. सेंट लुईसच्या युनियन स्टेशनवर डब्याच्या मागच्या सज्ज्यात ते उभे असताना तो अंक त्यांच्या हाती आला. आणि वाचनालय आहे म्हणून सांगतो: हे ड्यूई म्हणजे न्यूयॉर्कचे गव्हर्नर थॉमस ड्यूई. पुस्तकांच्या दशांश वर्गीकरणाचे मेल्व्हिल ड्यूई वेगळे. विचारणारा वाचक नक्की भेटेल, टिपेतच लिहून टाका.

तबकडी४७

दुसऱ्या मथळ्यासाठी न्यू मेक्सिको राज्यातल्या रॉझवेल गावचं दैनिक ‘रॉझवेल डेली रेकॉर्ड’, ८ जुलै १९४७. लष्करी विमानतळाने रॉझवेल भागातल्या एका कुरणावर उडती तबकडी ताब्यात घेतली, असा ठळक मथळा. इथे वार्ताहराचा दोष नाही, विमानतळाने स्वतःच तसं पत्रक काढलं होतं. लगेच ९ तारखेचा मथळा: जनरल रेमींनी (वरिष्ठ हवाई दल अधिकारी) तबकडीतली हवा काढली! मलबा हवामानाच्या फुग्याचा असल्याचं त्यांनी जाहीर केलं. १९९४ मध्ये हवाई दलाने सांगितलं की तो ‘मोगल’ या गुप्त प्रकल्पाचा होता: सोव्हिएत अणुचाचण्यांचा आवाज टिपण्यासाठी सोडलेली फुग्यांची माळ आणि रडारसाठी लावलेले चमकदार पत्र्याच्या कागदाचे परावर्तक.

‘तबकडी’ हा शब्दसुद्धा मथळ्यांचीच देणगी. २४ जून १९४७ ला वैमानिक केनेथ आर्नल्ड यांना माउंट रेनियरजवळ नऊ वस्तू उडताना दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली की ती जशी टप्पे घेत जाते, तशा त्या जात होत्या, असं आपण म्हटल्याचं त्यांनी पुढे सांगितलं. उपमा चालीची होती, वर्तमानपत्रांनी ती आकाराला चिकटवली. इंग्रजीत तिची उडती बशी झाली आणि आपल्याकडे उडती तबकडी.

८ आणि ९ जुलैचे दोन्ही मथळे शेजारी शेजारी लावा, मध्ये फक्त तारखा. तिथे टीप लागणारच नाही.