इंग्रजी शब्द ओळखीचे आहेत, पण लिहिताना आठवत नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इंग्रजी अग्रलेख, अहवाल वाचताना मला फारसं अडत नाही. पण स्वतः लिहायला बसलं की तेच ते सोपे शब्द येतात: गुड, बिग, इम्पॉर्टंट, प्रॉब्लेम. वाचताना सहज कळलेला नेमका शब्द ऐनवेळी सुचत नाही, याची फार चुटपुट लागते.

आतापर्यंत अँकी या उजळणीच्या ॲपवर कार्डं करून पाहिली, एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ. २००० साली प्रसिद्ध झालेली ५७० शब्दकुटुंबांची (एक शब्द आणि त्यापासून बनलेली रूपं मिळून एक कुटुंब) 'अकॅडमिक वर्ड लिस्ट', म्हणजे अभ्यासपर लेखनात वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी, त्यात घातली. ओळख पक्की झाली, वापर नाही. मराठी अर्थाऐवजी इंग्रजी-इंग्रजी लर्नर्स डिक्शनरी वापरायला लागल्यापासून थोडा फरक पडला, कारण तिथे कोणत्या क्रियापदाबरोबर कोणतं नाम येतं तेही दिसतं. माझी खरी अडचण या जोड्यांचीच आहे. शब्द बरोबर असतो, शेजारचा चुकतो.

जीआरईसारखी परीक्षा द्यायची नाही, त्यामुळे दुर्मिळ शब्दांच्या याद्या नकोत. कामाचे ईमेल आणि अहवाल नीट लिहायचे आहेत. रोज अर्धा तास देऊ शकेन, क्लास शक्य नाही आणि लिहिलेलं तपासून देणारं जवळ कुणी नाही.

ज्यांनी ही पायरी ओलांडली आहे त्यांना विचारायचं आहे: अर्थाची कार्डं बंद करून गाळलेल्या जागांची पूर्ण वाक्यं घालावीत, की कार्डं सोडून तो अर्धा तास रोज परिच्छेद लिहिण्यात घालवावा? आणि लिहिलेली जोडी बरोबर आहे का, हे एकट्याने कसं तपासता?