कापूस आणि ठिपके: एकाच औषधाने भागणार नाही

जास्वंदीवरचा पांढरा कापूस आणि क्रोटनची फिकट ठिपकेदार पाने या दोन्ही तक्रारींवर आधीच्या एका उत्तरात एकच कीटकनाशक सुचवले गेले आहे, म्हणून थोडी भर घालतो. कापसासारखा दिसतो तो पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारा कीटक. बारीक पिवळसर ठिपके मात्र बहुधा लाल कोळ्याचे, म्हणजे पानांतला रस शोषणाऱ्या अगदी बारीक कोळ्याचे, असतात. आठ पायांचा कोळी हा कीटक नव्हे, त्यामुळे इमिडाक्लोप्रिडसारखे कीटकनाशक त्याच्यावर चालत नाही, उलट कधीकधी त्याची संख्या वाढते. खात्रीसाठी पान पांढऱ्या कागदावर झटकावे. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले, तर तो कोळीच, धूळ नव्हे.

आमच्या टिळकवाडीत पावसाळाभर हवा इतकी ओलसर असते, की कोळी क्वचितच दिसतो, पण मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात व्हरांड्यातल्या क्रोटनच्या पानांमागे बारीक जाळी धरते. तेव्हा पानांची मागची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने दर दोन-तीन दिवसांनी धुवावी.

पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेण असल्याने त्याला नुसते पाणी पुरत नाही. स्पिरिटमध्ये भिजवलेला बोळा देठाच्या बेचक्यात फिरवला, की मेण निघून खालचे गुलाबीसर अंग उघडे पडते. त्यानंतर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि द्रव साबणाचे काही थेंब घालून संध्याकाळी फवारावे, आणि अंड्यांतून पिल्ले निघत राहतात म्हणून आठवड्याच्या अंतराने तीनदा तरी फवारावे. कुंडीवर मुंग्यांची रांग असेल, तर आधी तिचा बंदोबस्त करावा, कारण गोड स्रावासाठी मुंग्याच या ढेकणांची राखण करतात.