शुगर एकाला, मग ताट कुणाचं बदलायचं?

कृष्णाकाठ (सांगली):
स्पष्टच लिहितो. घरात एकाला शुगर निघाली की त्याचं ताट वेगळं काढायचं, ही पद्धत मला पटत नाही. वडिलांची एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी, 8.4 टक्के आली. लगेच त्यांच्या वाट्याला बिनसाखरेचा चहा, उकडलेला दुधी आणि दोन फुलके. शेजारी बाकीचे भातावर तूप घेऊन जेवणार. माणूस घरात गप्प बसतो आणि संध्याकाळी कट्ट्यावर भडंग खातो. गोड नाही ना, मग चालतंय! चुरमुरे म्हणजे शेवटी तांदूळच, तोही फुलवलेला. रक्तात साखर झपाट्यानं चढते.

म्हणून म्हणतो, अख्ख्या घराचंच जेवण बदला. आधी काकडी-मुळा, मग मटकीची घट्ट उसळ, भाकरी लहान, भात शेवटी आणि घासभर. हुलग्याचं माडगं आठवड्यातून एकदा तरी होऊ दे. आईबापाला शुगर असेल तर मुलांनाही पुढं धोका जास्त असतोच, तेव्हा त्यांचंही भलंच होईल.

शाळूवाला (कवठेमहांकाळ):
एवढा खटाटोप कशाला? गहू बंद, साखर बंद. शाळूची, म्हणजे ज्वारीची भाकरी आणि गूळ चालू करा. आमचे आजोबा चार भाकऱ्या हाणायचे, कधी डॉक्टरचं तोंड बघितलं नाही.

मिरजेची लेक:
दादा, आजोबा चार भाकऱ्या खाऊन दिवसभर मोट हाकायचे. आपण विहिरीवरची मोटर मोबाइलवरनं चालू करतो. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात 70 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, गव्हातही जवळपास तेवढीच. ज्वारीत तंतू आहेत, भाकरी चांगलीच, पण चार खाल्ल्यावर त्या तंतूंनी काय करायचं? आणि गूळ बहुतांश साखरच आहे हो. ‘गुळाचा चहा’ अशी पाटी दिसली की शुगरवाले दोन कप पितात, हे रोज बघते.

शाळूवाला:
मग खायचं काय, हवा?

मिरजेची लेक:
दीड भाकरी आणि दोन वाट्या उसळ. हवेपेक्षा बरं.

दोन वेळ बास (सातारा):
डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात तसं दिवसातून दोनदाच जेवा, 55 मिनिटांच्या आत. मधे चहा-बिस्कीट नाही. माझं वजनही उतरलं, उपाशीपोटीची साखरही. घर बदलायची गरजच पडली नाही.

मिरजेची लेक:
तुम्हाला मानवलं, चांगलं झालं. पण हे वाचून कुणी उद्यापासूनच सुरू करू नका. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण गाळलं तर रक्तातली साखर 70 च्या खाली जाऊ शकते. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो. अशा वेळी पथ्य गेलं खड्ड्यात, तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि 15 मिनिटांनी परत तपासायचं. आधी डॉक्टरांकडून गोळीचं माप ठरवून घ्या, मग प्रयोग.

कराडची सून:
मूळ मुद्द्यावर येते. ‘अख्ख्या घराचं जेवण बदला’ लिहायला सोपं आहे, करायचं कुणी? माझा मुलगा दहावीला, शाळेच्या कबड्डीच्या संघात आहे. नवरा ऊस तुटून जाईपर्यंत रात्रंदिवस रानात. त्यांना सासऱ्यांच्या मापानं वाढू? सासरे निवृत्त मास्तर आहेत, कुकुलं बाळ नाहीत. रिपोर्ट त्यांना माझ्यापेक्षा चांगला वाचता येतो. लग्नात पंगतीला बसून बुंदी दोनदा मागून घेतात, तेव्हा कुठं जातं तुमचं ‘अख्खं घर’? साखर वाढली की मात्र सगळे माझ्याकडं बघतात.

कृष्णाकाठ:
ताई, माप ज्याचं त्याचं राहू दे, ते मान्य. पण पातेलं एकच हवं, यावर मी ठाम आहे. आणि समोर जे दिसतं ते माणूस खातोच. घरात बेदाण्याची बरणी टेबलावर असते का? बेदाण्यात निम्म्याहून जास्त साखर असते.

कराडची सून:
असते. बेदाणे तासगावच्या नणंदबाई पाठवतात, खास ‘बाबांसाठी’ म्हणून. पाठवू नका म्हणून त्यांना फोन तुम्ही करता का? नंबर देते.