एचआयव्हीविषयक कलंकाविरुद्धच्या मोहिमेला लोकांचा पाठिंबा कसा मिळवावा?

प्रश्न (धागाकर्ती)

नमस्कार. आम्ही सात जण गेले आठ महिने एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींच्या वाट्याला येणाऱ्या कलंकाविरुद्ध आणि भेदभावाविरुद्ध एक मोहीम चालवत आहोत. व्यक्तींनी आणि संस्थांनी एका प्रतिज्ञापत्रावर सही करावी, एवढेच आमचे मागणे आहे. एचआयव्ही असल्याच्या कारणावरून आपण कोणालाही नोकरी, शाळा, घर किंवा उपचार नाकारणार नाही, असे त्यात लिहिले आहे. तोंडावर सगळेच "चांगले काम करता आहात" असे म्हणतात, मात्र सही करायची वेळ आली की हात आखडता घेतात. गेल्या आठवड्यात एका परिचित गृहस्थांनी संपूर्ण मजकूर लक्षपूर्वक वाचला, पेनाचे टोपण काढले, क्षणभर थांबले आणि टोपण पुन्हा लावून पेन खिशात ठेवले. "यादीत माझे नाव पाहून लोक मलाच तो आजार आहे असे समजतील," असे त्यांनी हळू आवाजात सांगितले. मला त्यांचा राग आला नाही, पण त्यांना काय उत्तर द्यावे तेही सुचले नाही.

येत्या १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनापर्यंत सह्या, स्वयंसेवक आणि थोडा निधी असे तिन्ही उभे करायचे आहे. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर (समुपदेशक)

आपल्या प्रश्नातली ती पेनाची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कलंक हा आजार असलेल्या माणसापुरता राहत नाही. त्याच्या बाजूने बोलणाऱ्यालाही तो चिकटतो, आणि त्या गृहस्थांना नेमकी त्याचीच धास्ती वाटली. म्हणून सुरुवातीलाच नावानिशी सही मागू नये असे मला वाटते. एकट्याचे नाव उघडे पडते, तर एखाद्या कार्यालयाने किंवा मंडळाने मिळून घेतलेल्या ठरावात कोणाचेच नाव वेगळे काढून दाखवता येत नाही. आधी दहा-पंधरा जणांच्या बैठका घ्याव्यात, चिठ्ठीवर नाव न घालता प्रश्न विचारू द्यावेत, आणि शेवटी ठराव मांडावा. चिठ्ठ्यांमध्ये जे प्रश्न येतात ते समोरासमोर कधीच येत नाहीत, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

दुसरी बाब माहितीची. शेजारी बसल्याने, हात मिळवल्याने, एकाच ताटात जेवल्याने किंवा डास चावल्याने एचआयव्ही पसरत नाही, हे बहुतेकांना पाठ असते, तरीही अंगाला भीती उरतेच. मी एका सहकाऱ्याला केवळ रक्तदाब मोजण्यासाठी हातमोज्यांचे दोन जोड एकावर एक चढवताना पाहिले आहे. समोर खुर्चीत बसलेली बाई त्या हातांकडे पाहत होती आणि पट्टा बांधून होईपर्यंत तिने मान वर केली नाही. त्या सहकाऱ्याला शास्त्र ठाऊक नव्हते असे नाही. त्यामुळे जुनीच वाक्ये पुन्हा न सांगता, बहुतेकांनी अजून ऐकलेली नाही अशी गोष्ट सांगावी.

ती गोष्ट अशी. १९९६ च्या सुमारास एकत्रित औषधोपचार आले आणि या आजाराचे स्वरूपच पालटले. आज नियमित एआरटी (एचआयव्हीला रोखणारी औषधे) घेणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण बहुधा काही महिन्यांत इतके खाली येते की तपासणीत तो आढळत नाही, आणि ते तसेच टिकून राहिले तर लैंगिक संबंधातूनही जोडीदाराला संसर्ग होत नाही. ‘पार्टनर’ नावाच्या युरोपीय अभ्यासात एक जोडीदार एचआयव्हीसह जगणारा आणि दुसरा नसलेला अशा जोडप्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या टप्प्यात ७८२ समलिंगी पुरुष जोडप्यांच्या निरोधाविना झालेल्या सुमारे ७६,००० संबंधांची माहिती होती, आणि उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून संसर्ग झाल्याचे एकही उदाहरण सापडले नाही. हे ऐकल्यावर सभेत जी शांतता पसरते ती मी अनेकदा अनुभवली आहे. लोक त्यानंतर खरे प्रश्न विचारू लागतात.

दुसरे उत्तर (सतरा वर्षे एचआयव्हीसह)

समुपदेशकांनी लिहिलेले सर्व मला मान्य आहे, फक्त एक जोड देतो. विषाणू आढळत नाही हे सत्य माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे समाधान आहे; तरीही ज्याला औषध वेळेवर मिळत नाही, किंवा ज्याच्या रक्तात विषाणू अजून आढळतो, त्याचाही मान तितकाच आहे. "आता हे धोकादायक नाहीत, म्हणून यांना स्वीकारा" असा सूर मोहिमेने लावला, तर उद्या त्या माणसासाठी दार अधिकच घट्ट बंद होईल.

आपल्या सात जणांमध्ये एचआयव्हीसह जगणारे कोणी आहे का, हे आपण लिहिलेले नाही. नसेल तर प्रथम तिकडे वळा. १९८३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे एड्स असलेल्या काही जणांनी एकत्र येऊन जाहीर केले की आम्हाला ‘बळी’ म्हणू नका, आम्ही एड्ससह जगणारी माणसे आहोत, आणि आमच्याविषयीच्या निर्णयांत आम्हाला स्थान हवे. त्या वेळी त्यांच्यापाशी औषधही नव्हते. आजही पुष्कळ पत्रकांवर पाठमोरी, काळवंडलेली आकृती छापतात आणि खाली दयेची भाषा असते. ते पाहून मला आपण काही गुन्हा केल्यासारखे वाटते.

मात्र आम्हाला मंचावर उभे करण्याची घाई करू नये. सुरुवातीची सहा वर्षे मी गोळ्यांच्या बाटलीवरचा कागद पाण्यात भिजवून नखाने खरवडून काढत असे आणि आत कापसाचा बोळा घालत असे, म्हणजे पिशवीत गोळ्या खुळखुळणार नाहीत. अशा माणसाला कोणी "तुमची कहाणी सांगा, लोकांवर परिणाम होईल" असे म्हटले असते, तर मी त्या मोहिमेकडे पुन्हा फिरकलो नसतो. मसुदा वाचायला द्या, भाषा तपासायला सांगा, बैठकीतल्या चिठ्ठ्यांची उत्तरे लिहायला सांगा. यांपैकी कशासाठीही चेहरा लागत नाही. १९८७ साली लंडनच्या एका रुग्णालयात राजकुमारी डायना यांनी हातमोजे न घालता एड्सच्या रुग्णाशी हस्तांदोलन केले आणि ते छायाचित्र जगभर गेले. त्या रुग्णाचा चेहरा त्यात दिसत नाही, कारण तशी त्याची अट होती आणि ती पाळली गेली. चित्राचा परिणाम त्याने तसूभरही कमी झाला नाही.

तिसरे उत्तर (निधिसंकलन)

निधीबद्दल थोडक्यात लिहितो. मोघम कार्याला कोणी पैसे देत नाही. पंधरा बैठका, त्यांची माहितीपत्रके आणि प्रवासखर्च असा हिशेब आधीच मांडला आणि नंतर तो जाहीर केला, तर देणारे पुन्हा देतात. देणगीदाराला नाव गुप्त ठेवण्याची मुभा द्यावी. त्या गृहस्थांसारखे अनेक जण या मार्गाने पाठीशी उभे राहतील.

एका मोहापासून मात्र सावध करावेसे वाटते. लहान मुलांची चित्रे लावली की निधी लवकर जमतो, आणि मीही पूर्वी तसे केले आहे. रक्तघटकांच्या उपचारातून संसर्ग झालेल्या रायन व्हाइट या अमेरिकन मुलाला १९८५ साली शाळेने प्रवेश नाकारला, तेव्हा त्याच्याविषयी अपार सहानुभूती निर्माण झाली आणि त्याला ‘निष्पाप’ म्हटले गेले. एकाला निष्पाप म्हटले की उरलेले सगळे आपोआप दोषी ठरतात, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. ‘कसा झाला’ हा प्रश्न आपल्या पत्रकात कुठेही नसावा.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या सात जणांत एचआयव्हीसह जगणारे कोणीही नाही, हे लिहिताना मला संकोच वाटतो आहे. आमच्या पत्रकावर पाठमोरी आकृती आहे आणि पहिल्याच परिच्छेदात ‘दुर्दैवी बळी’ असे शब्द आहेत. उरलेल्या प्रती वाटणे आजपासून थांबवले आहे. नवा मसुदा दोन दिवसांत याच धाग्यावर देते. दुसरे उत्तर देणाऱ्यांनी तो सवडीने वाचून, जे शब्द टोचतील ते निःसंकोच खोडावेत, ही विनंती. त्या गृहस्थांकडे मी सहीसाठी पुन्हा जाणार नाही. पहिल्या बैठकीचे निमंत्रण मात्र त्यांना देणार आहे, आणि चिठ्ठ्यांची पेटी दाराजवळ, कोणाची नजर पडणार नाही अशा जागी ठेवणार आहे.